जुना टीव्ही खराब होता तोवर

आमचा टीव्ही बिघडला आहे असं मायने जाहीर केलं, तेव्हा घरात तिला कोणी उलट बोललं नाही. खरं तर टीव्ही ठणठणीत होता. माझी बायको त्यावर रोज तिची मालिका बघायची, मी बातम्या बघायचो, आणि आम्हा दोघांना सगळं स्वच्छ दिसायचं. पण माय खुर्ची ओढत ओढत पार टीव्हीपुढे जाऊन बसायची, डोळे बारीक करायची आणि म्हणायची, "याना रंगच उडी गया. चेंडू दिखतच नही. भंगारमा दी टाका याले."

चेंडू, कारण माय क्रिकेट बघते. आमच्या म्हसावदमध्ये तिच्या वयाच्या बायका कीर्तन बघतात, मालिका बघतात. माय मॅच बघते. वडील शेतात जाताना रेडिओ घेऊन जायचे, आणि भाकरी घेऊन गेलेली माय बांधावर बसून ऐकत राहायची. तिथे तिला हे वेड लागलं. वडील गेले, वेड राहिलं. कोणी सोपा चेंडू सोडला की ती कडाडायची, "बॅट काय भाकरी थापाले आनी शे का रे?" शेजारच्यांना वाटायचं मला बोलतेय. पण गेल्या वर्षभरात हे कडाडणं कमी कमी होत गेलं आणि ती आम्हालाच विचारायला लागली, कोण आउट झालं, कसा झाला, कोणी झेल घेतला.

उन्हाळ्यात मी तिला धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मोतीबिंदू असेल, ऑपरेशन करू, चष्मा बदलू, विषय संपेल, अशी माझी अटकळ होती. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं आणि मोतीबिंदू नाही म्हणाले. डोळ्याच्या आतला पडदा वयामुळे झिजत चालला आहे, गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती जपायची. हे त्यांनी मायसमोरच सांगितलं, शांतपणे, शाळेतल्यासारख्या शुद्ध मराठीत. एसटीत बसल्यावर दोंडाईचा येईपर्यंत माय खिडकीकडे तोंड करून बसली. मग म्हणाली, "भाऊ, त्या डॉक्टरले काय समजस? आपला टीव्हीच जुना व्हई गया."

मी ताबडतोब "हो ना" म्हणालो. इतक्या घाईने मी आयुष्यात दुसऱ्या कशालाही होकार दिलेला नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरात तेच खरं झालं. मायचे डोळे चांगले, टीव्ही खराब. पाहुणे आले की मी स्वतःच सांगायचो, आमच्या टीव्हीचं काही खरं नाही आता. बायको नुसती माझ्याकडे बघायची. शेवटी एक दिवस भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "खराब शे, खराब शे असं किती दिन म्हनसाल? मग नवा लया ना. चांगला मोठा, भितवर लावाना."

बघू म्हणत मी उठलो आणि गच्चीचं दार लावलंय का ते बघायला गेलो.

मी घाबरट माणूस आहे, हे सांगून टाकतो. शाळेत क्लार्क आहे, कपाटाला कुलूप लावल्यावर ते दोनदा ओढून बघतो, आणि घरी आल्यावर ओढलं होतं की नाही याचा विचार करतो. गॅसचं बटण, मोटरचा स्विच, गच्चीचं दार, सगळ्यांची मला काळजी. पण ही भीती वेगळी होती आणि ती कोणाला सांगताही येत नव्हती. जुना टीव्ही भिंतीपाशी आहे तोवर मायला दोष द्यायला काहीतरी होतं. नवा आणला, दारापेक्षा रुंद आणला, काचेसारखा स्वच्छ आणला, आणि त्यावरही तिला चेंडू दिसला नाही, तर मग ती दोष कशाला देणार? त्या क्षणी तिला कळणार की डॉक्टर खरं बोलत होता. ती कळण्याची वेळ मी दुकानात जाऊन, पैसे मोजून, स्वतःच्या हाताने घरी आणणार होतो.

म्हणून मी टाळत राहिलो. आणि गंमत म्हणजे मायही टाळत राहिली. टीव्ही बदला म्हणून वर्षभर कटकट करणारी बाई, आता घेऊया म्हटल्यावर पितृपक्ष काढून बसली. पितरांच्या दिवसांत नवी वस्तू घरात आणत नाहीत. बरोबर आहे, मी म्हणालो. त्याआधी एका शनिवारी निघालो होतो, तर म्हणाली, "शनवारना दिन लोखंड घरमा आनतस का? टीव्हीमा लोखंड ऱ्हास." तेही मला पटलं. नवरात्र लागलं तर म्हणाली, घट बसलेत, घरात ठोकाठोकी नको. मी तर खूश झालो. बायको मात्र खवळली. "माय आनि लेक, दोन्ही मिळीसन मन्ही गंमत करी ऱ्हायनात का?"

मला तेव्हा वाटलं, मायलाही माझ्यासारखीच भीती वाटत असणार. तिलाही आतून माहीत असणार आणि तीही तो दिवस ढकलत असणार. हा विचार आला की मला तिच्याकडे बघवायचं नाही.

दसऱ्याला मात्र कोणतीच सबब चालण्यासारखी नव्हती. मायने शेवटचा प्रयत्न म्हणून गुडघा पुढे केला. "मन्हा गुडघा दुखस. तुमीच जा आनि लई या." आम्ही दोघं शहाद्याला गेलो.

दुकानात दसऱ्याची झुंबड होती. भिंतीवर ओळीने टीव्ही लावलेले आणि सगळ्यांवर एकच लाल-निळा पोपट एकाच वेळी पंख झटकत होता. बायकोने घरची भिंत सुतळीने मोजून, सुतळीला गाठ मारून आणली होती. ती एकेका टीव्हीला सुतळी लावून बघत होती. मी मागे जाऊन उभा राहिलो आणि डोळे बारीक केले. पापण्या जवळजवळ मिटल्या, मान तिरकी केली, मायला कसं दिसत असेल ते बघायचा प्रयत्न केला. पोपटाचा नुसता रंग राहिला. सेल्समन जवळ आला आणि काळजीने म्हणाला, "काका, डोळ्यात काही गेलं का?"

"यावर मॅचमधला चेंडू दिसेल का?" मी विचारलं.

"चेंडू काय घेऊन बसलात, चेंडूची शिवण दिसेल!"

तो मला टीव्ही विकत होता आणि मी मनातून त्याला म्हणत होतो, बाबा रे, इतका चांगला नको दाखवू. शेवटी सुतळीच्या गाठीपर्यंत भरणारा, म्हणजे आमच्या भिंतीवर मावेल तो सगळ्यात मोठा टीव्ही घेतला. लहान घेण्यात अर्थ नव्हता. दिसायचंच असेल तर मोठ्यावरच दिसणार, आणि नसेल दिसायचं तर निदान मी काटकसर केली असं मला आयुष्यभर वाटायला नको.

मग घोटाळा झाला. दुकानाची गाडी दोन-तीन दिवसांनी येणार म्हणाले. बायको ऐकेना. दसऱ्याची वस्तू दसऱ्यालाच उंबऱ्याच्या आत यायला पाहिजे, नाहीतर मुहूर्ताला काय अर्थ? आमच्या गल्लीतला एक शेतकरी सकाळीच नंदुरबारला ओली मिरची पोचवून शहाद्यावरून रिकाम्या पिकअपने परतत होता. त्याला फोन केला. तो आला, खोकं बघून हरखला, आणि म्हणाला, "उभा ठेवं तर पडी जाई. आडवा टाकूत. मी गोधड्या लयेल शे."

आता आमच्याकडे नाजूक वस्तू आडवीच नेतात. काचेची कपाटं, लग्नातलं ड्रेसिंग टेबल, आजारी माणूस, एक गणपती सोडला तर सगळं गोधडीवर निजवूनच न्यायचं, ही आमची रीत. त्यात प्रेमच असतं. दुकानातली माणसं पुढच्या गिऱ्हाइकात गुंतली होती, आमच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. आम्ही तिघांनी मिळून खोकं अलगद, एखाद्या बाळंतिणीला निजवावं तसं गोधड्यांवर निजवलं. वर झेंडूची फुलं आणि आपट्याच्या फांद्या ठेवल्या. बायको पुढे बसली आणि मी मागे, खोक्यावर हात ठेवून. पिकअपमध्ये मिरचीचा खकाणा होता. शहाद्यापासून म्हसावदपर्यंत मी शिंकत होतो आणि प्रत्येक गतिरोधकाला "हळू, हळू" असं केबिनच्या मागच्या काचेवर थापा मारून ओरडत होतो.

घरी पोचल्यावर खोकं उतरवून भिंतीला टेकवून उभं केलं आणि बायको त्यावरची चित्रं बघायला लागली. बघता बघता ती थांबली. "अहो, हाई दखा बरं." एका चित्रात खोकं उभं होतं आणि वर जाणारे बाण होते. शेजारच्या चित्रात खोकं आडवं होतं आणि त्यावर भली मोठी फुली होती.

दुकानात फोन लावला. पलीकडच्या माणसाने सगळं पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाला, "आडवा नेला? अहो काका, आडव्यात दणका बसला की आतून काच तडकते. आता खोलू नका. परवा कंपनीचा माणूस बसवायला येईल, तोच खोलेल. तुम्ही खोललं आणि तडा निघाला तर आमच्याकडे येऊ नका."

म्हणजे टीव्ही शाबूत आहे की फुटला हे कळायला दोन दिवस, आणि तोवर ते बंद खोकं समोर ठेवून जगायचं. मायला यातलं काही सांगितलं नाही. तिने खोक्याची पूजा केली. बोटांनी खोक्याच्या कडा चाचपल्या, मधोमध कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हळद वाहिली, झेंडूची माळ घातली, ओवाळलं. संध्याकाळी सोनं द्यायला आलेली माणसं खोक्यालाही आपट्याचं पान देऊन गेली. "केवढा मोठा शे!" म्हणत लोक पुठ्ठ्याकडे कौतुकाने बघत चहा प्यायले. एक-दोघांनी तर खोक्यावर कौतुकाने थापही मारली. मी प्रत्येक थापेला दचकत होतो.

या दोन दिवसांत माझ्या मनात जे आलं ते लिहायला मला लाज वाटते, पण लिहितो. पहिल्या दिवशी मी देवाला म्हणत होतो, काच शाबूत राहू दे. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना माझ्या लक्षात आलं की मी तसं म्हणायचं थांबवलंय. तडा निघाला तर काय होईल? पैसे जातील, बायको बोलेल, गावभर हसं होईल. पण मायला आणखी काही महिने मिळतील. नव्या टीव्हीलाच तडा गेला होता, गाडीत आडवा टाकला होता, त्याला माय काय करणार? एवढे पैसे घातलेली वस्तू फुटलेली निघावी असं मला वाटत होतं. आणि तसं वाटत असतानाही मी जाता-येता खोक्याला कान लावून आत काही खुळखुळतंय का ते ऐकत होतो. माझं मलाच कळेना की मला नेमकं काय हवंय.

कंपनीचा माणूस तिसऱ्या दिवशी दुपारी आला. ज्या भिंतीवर टीव्ही लागणार होता तिथे वडिलांचा फोटो होता. तो उतरवून कुठे लावायचा म्हणून मी मायला विचारलं. मला वाटलं तिला वाईट वाटेल. ती म्हणाली, "समोरन्या भितवर लाव ना. ते बी दखतीन." मी वडिलांना समोरच्या भिंतीवर लावलं.

त्या माणसाने ब्लेडने चिकटपट्टी कापली, थर्माकोल काढला, आणि टीव्ही दोन्ही हातांनी वर उचलला. मी टीव्हीकडे न बघता त्या माणसाच्या तोंडाकडे बघत होतो. त्याने बॅटरीच्या उजेडात काच सगळीकडून न्याहाळली. "काही नाही झालं," तो म्हणाला. "नशीबवान आहात." बायकोने हात जोडले. मी मात्र मायच्या खुर्चीकडे बघितलं. आता फक्त एकच गोष्ट उरली होती.

भिंतीला भोकं पडली, पट्ट्या ठोकल्या गेल्या, टीव्ही चढला. त्याने तार जोडून बटण दाबलं आणि आमच्या बैठकीत एकदम हिरवंगार मैदान उघडलं. मॅच चालू होती. गवताचं पातंन् पातं दिसत होतं, खेळाडूच्या कपाळावरचा घाम दिसत होता. सेल्समन खोटं बोलला नव्हता. तो माणूस सही घेऊन निघून गेला. माय आत तूरडाळ पाखडत होती. मी हाक मारली, ती आली नाही. बायकोने हाक मारली, तेव्हा सूप बाजूला ठेवून, पदराला हात पुसत आली.

ती खुर्चीत बसली. या वेळी तिने खुर्ची पुढे ओढली नाही. मी टीव्हीच्या बाजूला जमिनीवर बसलो होतो, तिच्या तोंडाकडे बघत. तिने सरळ समोर बघितलं. कॉमेंट्री करणारा ओरडत होता, लोक ओरडत होते, आणि मायच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. ती कोऱ्या भिंतीकडे बघत बसली असती तरी तशीच दिसली असती. मग तिने तोंड फिरवलं आणि दाराकडे बघायला लागली.

झालं, मी मनात म्हणालो. बायकोने माझ्याकडे बघितलं आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. मला सुचेना. टीव्ही बंद करावा, की काहीतरी बोलावं, की हाही टीव्ही खराबच दिला असं म्हणावं. खरंच, ते वाक्य माझ्या ओठावर आलं होतं.

"माय, चहा करू का?" मी विचारलं.

"थांब." ती दाराकडेच बघत होती. "हाऊ डाव्या हातना शे ना?"

मी टीव्हीकडे वळून बघितलं. गोलंदाज डावखुरा होता.

"आनि मांगे पांढरी टोपी घालीसन पंच उभा शे. जाडा शे जरासा."

पंच खरंच जाड होता. "माय," मी म्हणालो, "तुले दिखस?"

"समोर दखं तर नही दिखत. मधमा काया डाग शे. तोंड फिरायं का मग बाजूना डोयामा येस. जुना टीव्ही बारीक व्हता, त्यामा तसं बी काही हाती लागे ना. हाऊ मोठा शे. यामा लागस."

"हे तुले कधीपासून समजनं?"

"उन्हायापासून. त्या डॉक्टरनी सांगं ते समदं खरं शे. मी काय येडी शे का?" ती हे दाराला सांगत असावी तसं सांगत होती, अगदी सहज.

सहा महिने मी ज्या क्षणाला घाबरत होतो, तो तिच्या हिशेबात धुळ्यालाच होऊन गेला होता. "मग टीव्ही खराब शे, टीव्ही खराब शे, असं काय म्हनत व्हती?"

"तुन्हाकरता." तिने एक चेंडू जाऊ दिला. "डॉक्टरकडे तू मन्हा हात धरीसन बठेल व्हता. तुन्हा हात कापी ऱ्हायंता. मी म्हनं, याले काहीतरी सांगनं पडी, नही तर हाऊ घरपावत बी जावाव नही. नवा टीव्ही लेवानं दसरापावत टायं, ते बी त्यानाकरताच. तुन्ही तयारी नव्हती."

मी मान खाली घातली. टीव्हीवर कोणीतरी आउट झालं आणि गर्दीचा एकच गलका उठला, पण मायचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने मान दाराकडे आणखी थोडी वळवली. कोणी आलं असेल म्हणून मीही तिकडे बघितलं. दारात कोणी नव्हतं. अंगणात ऊन पडलं होतं आणि रिकामं खोकं उभं होतं.

"रडू नको, भाऊ," दाराकडे बघत माय म्हणाली.